मार्गारिटा आणि सासुरवाडी

मार्गारिटा या कॉकटेलला जिन्नस तीनच. 50 मिली टकीला, 20 मिली संत्र्याचं लिकर, 15 मिली लिंबाचा रस. आंतरराष्ट्रीय बारटेंडर संघटनेचं प्रमाण हेच. याहून जास्त सामान आमच्याकडे पोह्यांना लागतं. पण या प्रमाणात सासू-सासरे धरलेले नाहीत, आणि ते सध्या डॅलसला आमच्याकडे मुक्कामाला आहेत.

सासरे कृषी खात्यातून निवृत्त झालेले, साताऱ्याचे. टकीलाच्या बाटलीवरचं चित्र बघून म्हणाले, "अहो जावईबापू, ही तर घायपात! आपल्याकडे बांधाला लावतात."

जात वेगळी, पण कूळ तेच, हे मी कबूल केलं. मेक्सिकोत हालिस्को राज्याकडे टकीलासाठी निळ्या अगावेची, म्हणजे तिकडच्या घायपाताची, पानं छाटून मधला गड्डा भाजतात, पिकायला सहा-सात वर्षं लागतात वगैरे सांगितलं.

"सात वर्षं? त्यापेक्षा ऊस लावा म्हणावं."

लिंबं सासूबाईंनी ताब्यात घेतली. इथली मोठी, बिनबियांची लिंबं त्यांना पसंत नाहीत, म्हणून मेक्सिकन दुकानातून छोटी आणली होती. ती निघाली आपली कागदीच. त्यांनी ती ओट्यावर दाबून लोळवली, पिळली, बिया काढल्या आणि सवयीने अर्ध्या रसात साखर घातली. "थोडं सरबतही होईल की!" उरलेल्या रसात मी माझं भागवायचं होतं.

मग मी ग्लासची कड लिंबाने ओली करून ताटलीतल्या जाड्या मिठात गोल फिरवली.

"दृष्ट काढताय का ग्लासची?" सासूबाई म्हणाल्या. "मोहऱ्या देऊ?"

बायको हसत सुटली. तिची मदत एवढीच.

खरा प्रसंग पुढेच. शेकरमध्ये बर्फ घातला, मन लावून हलवला, आणि झाकण निघेना. आतली हवा गार होऊन आकसते आणि झाकण घट्ट धरून बसते. मी ओढलं, बायकोने ओढलं, शेवटी दोघांनी दोन बाजूंनी धरलं. आत बर्फ वितळत होता, म्हणजे टकीलाचं पाणी होत होतं.

मारियानो मार्टिनेझ नावाच्या इथल्याच हॉटेलवाल्याने 1971 मध्ये सॉफ्ट आइस्क्रीमच्या मशीनमधून गोठलेली मार्गारिटा काढली. ते मशीन आता स्मिथसोनियन संग्रहालयात आहे. ना शेकर, ना झाकण; माझ्या मते ते देव्हाऱ्यात हवं.

"सरका," सासरे म्हणाले. "कुकरचं झाकण असंच बसतं. ओढायचं नसतं." त्यांनी सांध्यावर गरम पाण्याची धार सोडली आणि झाकणाला हलकी टिचकी मारली. फटक्‌!

ग्लास भरले. सासऱ्यांनी एक घोट घेतला, डोळे मिटले, उघडले.

"चिमूटभर जिरेपूड हवी होती. बाटली केवढ्याला?"

मी डॉलरमध्ये सांगितलं.

"रुपयांत?"

बायकोने सांगून टाकलं. सासरे बराच वेळ बाटलीकडे बघत राहिले. मग ग्लासच्या कडेचं मीठ बोटाने निपटून काढत म्हणाले, "शेकरमध्ये अजून दिसतंय. ओता, वाया नको."