गणितासाठी बुद्धिबळ?

गुकेश २०२४ मध्ये अठराव्या वर्षी विश्वविजेता झाला, पुढच्याच जुलैत नागपूरच्या दिव्या देशमुखनं जॉर्जियातल्या बातुमीला महिलांचा विश्वचषक जिंकला, आणि तेव्हापासून आमच्या नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एकच वाद रंगलाय: मुलांना बुद्धिबळाच्या क्लासला घालावं का? घाला म्हणणारे सांगतात, गणित सुधारतं. नको म्हणणारे सांगतात, अभ्यास बुडतो. थोडक्यात, दोघांचंही लक्ष गुणपत्रिकेवर.

मी राहते त्या इंग्लंडमध्ये याची रीतसर तपासणी झाली आहे. शंभर शाळा निवडल्या. त्यांतल्या काहींमध्ये नऊ-दहा वर्षांच्या मुलांना शाळेच्याच वेळेत तीस तास बुद्धिबळ शिकवलं, बाकीच्यांत नाही. वर्षभरानं गणिताचे गुण ताडून पाहिले. २०१६ मध्ये निकाल आला: फरक नाही. मला त्यात नवल वाटलं नाही. १९७३ मध्ये विल्यम चेस आणि हर्बर्ट सायमन या अमेरिकी संशोधकांनी दाखवलं होतं की खऱ्या डावातली स्थिती निष्णात खेळाडूला एका नजरेत लक्षात राहते. पण त्याच सोंगट्या पटावर कशाही मांडल्या, की त्याची आघाडी जवळजवळ संपते. पटावरची हुशारी बरीचशी पटापुरतीच असते.

मग मी माझ्या मुलीला का पाठवते? कारण या खेळात हरल्याचं खापर फोडायला कुणी नसतं. फासे नाहीत, जोडीदारानं झेल सोडला असंही नाही. स्पर्धेत मोहऱ्याला हात लावला की तेच चालवायचं. आणि डाव संपल्यावर दोघं मिळून तो पुन्हा मांडतात, वजीर कुठे अडकला ते शोधतात. इथल्या क्लबात तिच्यासमोर कधी सत्तरीचे आजोबा असतात, तेही तिच्याकडून हरल्यावर तिला निमूट विचारतात, "तू इथे काय पाहिलंस?" मोठ्या माणसानं लहान मुलीला असं विचारण्याचे प्रसंग एरवी किती येतात?

इथलं सगळंच आदर्श आहे असं नाही. क्लब हौशी, शिकवणं ढिसाळ. भारतातल्या क्लासांची शिस्त इथे नाही. २०२४ च्या बुद्धिबळ ऑलिंपियाडमधली भारताची खुल्या आणि महिला गटांतली दोन्ही सुवर्णपदकं काही हौसेवर आली नाहीत. पण तिथे सात वर्षांच्या पोराला नाव विचारायच्या आधी रेटिंग, म्हणजे खेळाच्या ताकदीचा आकडा, विचारणं मला खटकतं.

भाचीसाठी क्लास शोधणाऱ्या बहिणीला मी एवढंच सांगितलं: सर किती ट्रॉफ्या दाखवतात ते सोड, हरलेल्या डावावर मुलांसोबत किती वेळ बसतात ते विचार. गणित कच्चं असेल तर शिकवणी गणिताचीच लाव.