दोन समुद्रांमधली सायकलवाट आणि एक फॉरवर्ड

युरोपात सायकल चालवायचे बेत सुरू झाले की सायकलवाल्यांच्या ग्रुपांवर एक फॉरवर्ड हमखास येतो. शब्द थोडे इकडेतिकडे होतात, मजकूर तोच: "फ्रान्समध्ये अटलांटिकपासून भूमध्य समुद्रापर्यंत कालव्याकाठाने सायकलवाट आहे. एकही गाडी आडवी येत नाही. सगळी डांबरी, सपाट, वर झाडांची सावली. कुठेही तंबू ठोका, दमलात तर सायकल ट्रेनमध्ये टाका. कोणतीही सायकल चालते, आठवड्यात होतं."

वाट खरीच आहे आणि देखणी आहे. पण यातलं जवळपास प्रत्येक वाक्य एका टप्प्यावर खरं आणि पुढच्या टप्प्यावर खोटं ठरतं.

"एकही गाडी आडवी येत नाही." घोटाळा इथे दोन शब्दांचा आहे. फ्रेंचमधली ‘व्वा व्हेर्त’, म्हणजे हिरवी वाट, ही कायद्यातली संज्ञा आहे. २००४ पासून तिथल्या वाहतूक नियमांत तिची व्याख्या आहे: बिगरमोटार वाहनं, पायी चालणारे आणि घोडेस्वार यांच्यासाठी राखीव मार्ग. पाटी निळी, चौकोनी. ‘वेलोरूत’ हा दुसरा प्रकार. हा लांब पल्ल्याचा, पाट्या लावून आखलेला सायकलमार्ग. तो हिरव्या वाटा, कालव्याचे काठ आणि कमी वर्दळीचे साधे रस्ते जोडून तयार होतो. त्या साध्या रस्त्यांवर ट्रॅक्टर असतो, दूधवाला असतो, घाईत घरी निघालेला गावकरीही असतो. नकाशांवर आणि माहितीपत्रकांवर झळकणारे बहुतेक लांब मार्ग वेलोरूत आहेत. लुआर नदीकाठचा ९०० किमीचा प्रसिद्ध मार्गसुद्धा त्यातलाच.

दोन समुद्रांच्या मार्गाचंही तसंच आहे. किनाऱ्यावरच्या र्वायांपासून बोर्दोपर्यंत बरंचसं सायकलिंग साध्या रस्त्यांवर होतं. बोर्दोहून सोव्हतेर-द-ग्वीएनपर्यंत जुन्या रेल्वेमार्गावर सुमारे ५४ किमीची खरी हिरवी वाट आहे. १९३७ ची तूर द फ्रान्स ही सायकल शर्यत जिंकणाऱ्या रॉजे लापेबीचं नाव तिला दिलंय. ती संपली की कालवा गाठेपर्यंत द्राक्षमळ्यांतून चढउतारांचे रस्ते लागतात, गाड्यांसकट. फॉरवर्डवर विसंबून लहान मुलांना आणणारे पालक नेमके इथे गोंधळतात. ला रेओलजवळ कालवा लागला की मात्र तुलूजपर्यंत निवांत.

"सगळी डांबरी." गारोन नदीलगतच्या कालव्याकाठी, ला रेओल ते तुलूज, हो. मुळांनी डांबर उचललेल्या जागा आहेत, पण चाक गुळगुळीत धावतं. तुलूजच्या पुढे कानाल द्यु मिदी सुरू होतो. पिएर-पॉल रिके याने १६६६ ते १६८१ मध्ये खोदवलेला हा २४० किमीचा कालवा १९९६ पासून जागतिक वारसा यादीत आहे. त्याच्या काठाने पहिले ५० किमी, साधारण पोर-लोरागेपर्यंत, डांबर आहे. मग जिल्हा बदलतो आणि डांबर संपतं. कारण सोपं आहे: कालवा जलमार्ग खात्याचा, पण काठावरची सायकलवाट बांधायची बरीचशी जबाबदारी आणि पैसा त्या त्या जिल्ह्याचा. पुढचे तुकडे अलीकडे टप्प्याटप्प्याने सुधारताहेत. तरी कार्कासोनच्या आगेमागे आणि कापेस्तांच्या बाजूला कुठे दाबलेली खडी, कुठे हातभर रुंदीची मातीची पायवाट आणि तिच्यावर आडव्या पसरलेल्या मुळ्या, हे गृहीत धरूनच निघावं. आणि त्या पायवाटेच्या कडेला कठडा नाही, थेट पाणी आहे.

म्हणून "कोणतीही सायकल चालते" हे वाक्य सर्वांत महागात पडतं. २८ मिमीचे रोड टायर मुळांवर आपटले की ट्यूब रिम आणि मुळीमध्ये चिमटली जाते आणि तिला शेजारीशेजारी दोन भोकं पडतात. ते टाळायला हवा ठासून भरली तर चिमटा बसत नाही, पण हादऱ्यांनी कॅरियरचे बोल्ट सैल होतात. ३८ ते ४२ मिमीचे टायर घ्या. ७५ किलोचा माणूस आणि १५ किलो सामान असेल तर ४० मिमीच्या टायरला मागे ५० आणि पुढे ४० पीएसआयच्या आसपास हवा पुरते. कॅरियरचे बोल्ट रोज संध्याकाळी ४ मिमीच्या ॲलन कीने तपासा. एखादा गळून पडलेला असतोच, तेव्हा दोन जादा जवळ ठेवा. मडगार्ड आणि टायरमध्ये बोटभर फट हवी. पाऊस झाला की या भागातली चिकणमाती त्यात इतकी ठासते की चाकच फिरत नाही. अशा वेळी ढकलत बसण्यापेक्षा शेजारच्या रस्त्यावर जावं. सोबत दोन ट्यूब, मागच्या चाकाच्या मापाच्या तीन तारा, ब्रेक पॅडची एक जोडी आणि चेन जोडायची कडी.

भूमध्य समुद्राच्या बाजूला आपला ओळखीचा सराटाही भेटतो, तोच जमिनीलगत पसरणारा काटा. पंक्चर झालं की टायरच्या आतून फडकं फिरवून काटा शोधा. तो तसाच ठेवून नवी ट्यूब घातली तर दहा मिनिटांत पुन्हा खाली बसावं लागतं.

"वर झाडांची सावली." फॉरवर्डमधला फोटो बहुधा जुना असतो. कालव्याकाठी प्लेनची, म्हणजे चिनारच्या जातकुळीतली, सुमारे ४२,००० झाडं होती. २००६ मध्ये त्यांच्यावर एक बुरशीजन्य रोग आढळला. तो मुळांतून आणि पाण्यातून पसरतो, त्यावर इलाज नाही. लागण झालेली झाडं तोडून जागीच जाळावी लागतात. हजारो झाडं गेली, नवी वेगवेगळ्या जातींची लावली, पण त्यांची सावली पडायला काही दशकं लागतील. जुलै-ऑगस्टच्या पस्तिशीपारच्या उन्हात उघडे टप्पे भाजून काढतात. मे-जून किंवा सप्टेंबर बरा. पाण्याचीही तजवीज हवी: आर्जां ते बेझिए हे ५० किमीहून जास्त अंतर कालव्याला एकही लॉक (बोटी वर-खाली नेणारा दरवाजांचा हौद) नाही, म्हणजे लॉकवाल्याचं घर आणि नळही नाही. गावाच्या दफनभूमीत बहुधा नळ असतो आणि तिथले सायकलवाले बिनदिक्कत बाटल्या भरतात. फक्त "नों पोताब्ल" अशी पाटी असेल तर ते पाणी पिण्याचं नव्हे. आपल्याकडे स्मशानातून पाणी आणलं तर घरचे काय म्हणतील, ते सोडा.

"सपाट" हे खरं. सर्वांत उंच जागा नोरूझची खिंड, समुद्रसपाटीपासून १८९ मीटर. पण उतारच नसल्यामुळे पाय थांबवायची संधी मिळत नाही. तासन् तास एकाच बैठकीत राहिल्याने हात बधिर होतात आणि बूड सोलवटतं. दर अर्ध्या तासाने मिनिटभर उभं राहून पेडल मारा. शिवाय घाटाची जागा इथे वारा घेतो. वायव्येकडून सेर्स, आग्नेयेकडून ओतां. सेर्स पाठीशी मिळावा म्हणून तुलूजहून भूमध्य समुद्रावरच्या सेतकडे जाणं बरं. ओतां सुटला तर त्या दिवशी अंतर निम्मं धरा.

"कुठेही तंबू ठोका." नाही. समुद्रकिनारा, संरक्षित स्थळं, ऐतिहासिक वास्तूंचा परिसर आणि पिण्याच्या पाण्याच्या स्रोतांपासून २०० मीटरच्या आत तंबूला मनाई आहे. हा कालवा स्वतःच संरक्षित स्थळ आहे. नगरपालिकांची कॅम्पिंग मैदानं स्वस्त आणि चांगली असतात, मात्र बरीचशी ऑक्टोबरमध्ये बंद होतात. भारतीय पासपोर्टवर जाणाऱ्यांना शेंगेन व्हिसासाठी मुक्कामाचा पुरावा आणि किमान ३०,००० युरोचा वैद्यकीय विमा लागतो. "बघू कुठे झोपायचं ते" हे तिथे अर्जावर लिहिता येत नाही.

"ट्रेनमध्ये टाका." प्रादेशिक गाड्यांत, म्हणजे टीईआरमध्ये, सायकल सहसा जाते. काही प्रदेशांत हंगामात आरक्षण लागतं. वेगवान टीजीव्ही गाड्यांपैकी काहींतच अख्खी सायकल चालते. जिथे चालते तिथे जागा आधी घ्यावी लागते, नाहीतर चाकं काढून पिशवीत. पिशवी १२० × ९० सेंमीच्या आत ठेवा. बऱ्याच डब्यांत सायकल हुकाला उभी टांगतात, तेव्हा गाडी येण्यापूर्वीच पॅनियर, म्हणजे कॅरियरला लटकवलेल्या पिशव्या, काढून ठेवा. रुळांच्या कामामुळे ट्रेनऐवजी बस आली की सायकल बहुतेक वेळा बाहेरच. एक गोष्ट मात्र फार सोयीची: रेल्वे बराच काळ कालव्याजवळूनच धावते. मार्मांद, आजां, मोआसाक, कास्तेलनोदारी, कार्कासोन, बेझिए, आग्द, सेत. जिथे कंटाळाल तिथून स्टेशन सहसा जवळ.

"आठवड्यात होतं"? बोर्दो ते सेत सुमारे ५०० किमी. डांबरावर दिवसाला ६०-७०, मुळ्यांवर ४५-५०. दहा दिवस धरा. दुपारी बारा ते दोन गावातली दुकानं बंद, रविवारी दुपारनंतर आणि बऱ्याच ठिकाणी सोमवारीही. पाव सकाळीच घ्या.

लहान मुलं असतील तर ला रेओल ते पोर-लोरागे हाच भाग निवडा. बारा वर्षांखालच्यांना हेल्मेट सक्तीचं आहे. आणि अजिबात गाडी नकोच असेल तर बरगंडीतल्या जिव्री-क्लुनी वाटेला जा. जुन्या रेल्वेमार्गावरची ही ४४ किमीची वाट १९९७ मध्ये सुरू झाली, फ्रान्समधली पहिली. क्लुनीच्या पुढे माकोंकडे जाताना ब्वा क्लेरचा १.६ किमीचा बोगदा लागतो. आत गार असतं, जाकीट हाताशी ठेवा, दिवाही. हिवाळ्यात तो वटवाघळांसाठी बंद असतो आणि मग वरून खिंड चढावी लागते.