डांबर घासून नाही, विरघळवून निघतं: गाडीवरच्या डागांच्या ‘पाच मिनिटांच्या उपाया’ला उत्तर

दिवाळीनंतर रस्त्यांची कामं सुरू होतात ती थेट पहिल्या पावसापर्यंत चालतात. तेवढे महिने व्हॉट्सअ‍ॅपवर एक संदेश हमखास फिरत असतो. शब्द इकडचे तिकडे होतात, मजकूर साधारण तोच: ‘गाडीवर डांबर उडालं? २४ तासांत काढा, नाहीतर ते रंग खातं. फडकं पेट्रोलमध्ये बुडवून जोरात घासा, पेट्रोल नसेल तर थिनर चालेल. राहिलेल्या डागावर टूथपेस्ट लावा. मग गरम पाण्याचा प्रेशर मारा. आणि एकदा सिरॅमिक कोटिंग करून घेतलं की डांबर चिकटतच नाही.’

यातलं सगळंच खोटं नाही, म्हणून तर तो टिकून आहे. पण रबिंग-पॉलिशिंगला येणाऱ्या गाड्यांच्या दारांचा खालचा भाग नीट पाहिला, तर डांबरानं केलेलं नुकसान क्वचितच सापडतं. सापडतात ते घासल्याचे गोलगोल ओरखडे, आणि ते टॉर्च तिरका धरला की लख्ख दिसतात. संदेशाचा एकेक मुद्दा घेऊ.

‘२४ तासांत काढा, नाहीतर रंग खातं’

रस्त्याला वापरतात ते डांबर म्हणजे कच्च्या तेलातून पेट्रोल, डिझेल वगैरे काढून घेतल्यावर तळाशी उरणारा जड भाग. ते आम्ल नाही. कंपनीतून आलेल्या गाडीचा वरचा पारदर्शक थर, म्हणजे क्लिअर कोट, पेंटशॉपमध्ये १३०-१४० अंशांना भाजून पक्का केलेला असतो. गार डांबराचा ठिपका त्याला एका रात्रीत काही करत नाही. पक्ष्यांची विष्ठा त्याहून कितीतरी लवकर रंगावर व्रण उठवते. तिच्या बाबतीत ही घाई दाखवली तर शहाणपणाचं.

डांबर महिनोन् महिने ठेवू नये याची कारणं वेगळी आहेत. आपल्याकडे सर्रास वापरलं जाणारं व्हीजी-३० प्रतीचं डांबर ४७ अंशांच्या पुढे मऊ पडू लागतं. मे महिन्यात उन्हात उभ्या असलेल्या काळ्या गाडीचा पत्रा ६० अंशांच्या वर सहज जातो. म्हणजे दुपारी ठिपका सैलावतो, पसरतो, धूळ धरतो, रात्री आवळतो. हवेतल्या ऑक्सिजननं तो हळूहळू कडकही होत जातो, आणि मग त्याला विरघळायला दुप्पट-तिप्पट वेळ लागतो. पांढऱ्या गाडीवर, त्यातही जे दार किंवा बंपर नंतर रंगवून घेतलेला आहे त्यावर, डांबरातला हलका तेलकट अंश झिरपून पिवळसर-तपकिरी सावली राहते. ती मात्र पॉलिशशिवाय जात नाही. तेव्हा आठवडाभरात काढलंत तर उत्तम. रात्री दहा वाजता पार्किंगमध्ये घाबरून घासत बसण्याची गरज नाही.

जिथे खरोखर घाई हवी, त्याबद्दल हा संदेश अवाक्षर काढत नाही. गरम डांबरमिश्रित खडी अंथरण्याआधी रस्ता झाडून त्यावर पातळ, चॉकलेटी रंगाचं द्रावण फवारतात. हा टॅक कोट. बहुतेक ठिकाणी ते डांबराचं इमल्शन असतं, म्हणजे पाण्यात तरंगणारे डांबराचे सूक्ष्म थेंब. जोवर ते चॉकलेटी आहे तोवर साध्या पाण्यानं धुऊन निघतं. पाणी सुटून ते काळं पडलं की संपलं. मग त्याला रॉकेलसारखं द्रावकच लागतं. उन्हात हा बदल व्हायला बऱ्याचदा अर्धा तासही लागत नाही. तेव्हा अशा ओल्या चॉकलेटी पट्ट्यावरून जावंच लागलं, तर पुढच्या पंपावर थांबून दारांच्या खालच्या कडा, चाकांच्या कमानी आणि मागचा बंपर बाटलीभर पाण्यानं धुऊन टाका. एवढ्यानं पुढचा निम्मा खटाटोप वाचतो.

‘पेट्रोलच्या फडक्यानं जोरात घासा’

डांबर पेट्रोलमध्ये विरघळतं, हे खरंच आहे. दोन्ही एकाच कच्च्या तेलाची लेकरं. आणि कंपनीच्या शाबूत रंगाला दोन थेंब पेट्रोलनं काही होत नाही, हेही खरं. ‘आम्ही वर्षानुवर्षं लावतो, काही झालं नाही’ म्हणणारे खोटं बोलत नसतात. अडचण पुढे आहे.

पहिली अडचण वेळेची. पेट्रोल तापलेल्या पत्र्यावर काही सेकंदांत उडून जातं. डांबर अर्धवट विरघळतं तोवर द्रावक गायब, आणि विरघळलेलं डांबर तपकिरी पापुद्र्यासारखं वीतभर पसरतं. मग माणूस आणखी जोर लावतो. इथेच घात होतो. डांबराचा थेंब टायरवरून उडून आलेला असतो. त्याच्या पोटात वाळूचे कण, खडीचा चुरा असतो. भिंगातून पाहिलं तर ठिपका गुळगुळीत नसतो, त्यात चकचकीत कच अडकलेली दिसते. फडक्याखाली हीच कच रंगावरून फिरते. क्लिअर कोट जेमतेम ३५ ते ५० मायक्रॉन जाड असतो, डोक्याच्या केसापेक्षाही बारीक. त्यावरचे ओरखडे काढायला कंपाऊंड, म्हणजे घासून गुळगुळीत करणारी पेस्ट, मारलं की त्यातले दोन-चार मायक्रॉन जातात. असं दर उन्हाळ्यात करत राहिलं तर पाच-सहा वर्षांत कडेच्या भागातून क्लिअर कोट उडू लागतो, आणि मग रंगारी गाठण्यावाचून इलाज नाही.

दुसरी अडचण रंगाच्या शेजाऱ्यांची. दाराच्या रबरी बीडिंगला पेट्रोल, डिझेल, रॉकेल काहीच सोसत नाही, ते फुगतं. दाराखालच्या काळ्या प्लास्टिकवर पांढरट चट्टे उठतात. हेडलॅम्पची काच ही काच नसून पॉलिकार्बोनेट असतं, त्यावर तीव्र द्रावक गेलं तर बारीक तडे जातात. ब्रेकच्या डिस्कवर किंवा पॅडवर तर यातलं काहीही उडू देऊ नये.

आगीचं सांगायला नकोच, तरी सांगतो. पेट्रोलला पेट घेण्याइतकी वाफ शून्याखाली ४० अंशांनासुद्धा सुटते. बंद गॅरेजमध्ये, सिंथेटिक फडक्यानं, भराभर घासत, शेजारी इन्व्हर्टर. ठिणगी पडून भडका उडायला एवढं पुरे. शिवाय त्यात बेन्झिन असतं, ते उघड्या हातांनी हाताळायची वस्तू नव्हे.

आणि थिनर? एनसी थिनरमध्ये टोल्युइन, अ‍ॅसिटोनसारखी द्रावकं असतात आणि ती बनवलेलीच रंग पातळ करायला असतात. कोपऱ्यावरच्या गॅरेजात रंगवलेला फेंडर, डबीच्या स्प्रेनं केलेला टचअप, दोन महिन्यांपूर्वी अपघातानंतर रंगलेलं दार यांवर थिनरचं फडकं फिरवलं तर फडक्यावर डांबर येईल आणि गाडीचा रंगही येईल. सेकंडहँड गाडी असेल तर कुठला भाग पुन्हा रंगवला आहे हे मालकालाच माहीत नसतं. थिनर गाडीपासून लांब ठेवा, एवढंच.

मग करायचं काय? सावलीत, पत्रा हाताला गार लागेल तेव्हा, म्हणजे सकाळी किंवा संध्याकाळी. आधी गाडी शाम्पूनं धुऊन खालचा भाग पूर्ण कोरडा करा; ठिपक्यावर पाणी राहिलं तर द्रावक त्याच्यापर्यंत पोहोचतच नाही. बाजारात टार रिमूव्हर, म्हणजे डांबर विरघळवणारं तयार द्रावक, मिळतं. चारचाकी हॅचबॅकच्या खालच्या पट्ट्याला १००-१५० मिली पुरे. एका वेळी एकच दार घ्या, फवारा, आणि दोन-तीन मिनिटं हात बांधून उभे राहा. हे उभं राहणंच सगळ्यात महत्त्वाचं, आणि नेमकं तेच कोणाला जमत नाही. ठिपक्याभोवती तपकिरी कडं दिसू लागतं, मग बारीक ओघळ खाली येतो. ओघळ आला की समजावं, डांबर सुटलं. तो ओघळ मात्र रंगावर सुकू देऊ नका.

आता मऊ मायक्रोफायबर कापड चौपदरी घडी घालून ठिपक्यावर टेकवा आणि वरच्या वर उचला. फिरवायचं नाही. एका ठिपक्याला कापडाची एक बाजू. मळकी बाजू पुन्हा रंगाला लावायची नाही. हट्टी ठिपक्यावर कापसाचा बोळा भिजवून ठेवा, वरून स्वयंपाकघरातली प्लास्टिकची पातळ फिल्म चिकटवा आणि पाच मिनिटं थांबा. एका फेरीत सगळं निघालं नाही तर दुसरी फेरी करा. जोर वाढवू नका, वेळ वाढवा. हातात नायट्राइलचे मोजे हवेत; साधे लेटेक्सचे मोजे या द्रावकांत फुगून फाटतात.

टार रिमूव्हर नसेल तर? रॉकेल चालेल, अर्धा चमचा कापसावर घेऊन, याच पद्धतीनं. ते पेट्रोलइतक्या झटकन उडत नाही, म्हणून उलट जास्त उपयोगी. डिझेल आणखी सावकाश काम करतं, पण तेलकट थर सोडतं. गंजलेले स्क्रू सोडवायचा डब्ल्यूडी-४० स्प्रेसुद्धा डांबर सोडवतो, त्यातही हलकी खनिज द्रावकंच असतात. खोबरेल तेलाची थट्टा होते, पण ताज्या, लहान ठिपक्यांवर ते लावून तासभर ठेवलं तर मऊ करतं, आणि रंगाला त्याचा काडीचा धोका नाही. यातलं काहीही वापरलं तरी नंतर शाम्पूनं दोनदा धुणं आलंच. तेलाचा पापुद्रा राहिला तर दुसऱ्या दिवशी त्यावर धुळीचा थर बसतो, आणि तो पुसताना पुन्हा ओरखडे.

‘राहिलेल्या डागावर टूथपेस्ट’

टूथपेस्टमध्ये डांबर विरघळवणारं काही नसतं. असते ती बारीक पूड, कॅल्शियम कार्बोनेट किंवा सिलिका. म्हणजे ठिपका हटत नाही, भोवतालचा रंग तेवढा घासला जातो. खायचा सोडा, भांड्यांची घासणी, ब्लेड यांनाही हेच उत्तर.

द्रावक लावूनही डाग हलत नसेल तर तो बहुधा डांबराचा नाहीच. पांढऱ्या कापसाच्या काडीवर थोडं रॉकेल घेऊन दोन मिनिटं टेकवून पाहा. काडी तपकिरी झाली तर डांबर. काडी कोरी आणि ठिपका नारिंगी-तपकिरी, टोचरा असेल तर ते ब्रेकमधून किंवा रेल्वेरुळांजवळून आलेले लोखंडाचे कण. त्यांना वेगळं रसायन लागतं, जे लोखंडाला लागलं की जांभळं होतं. पांढरा किंवा पिवळा थेंब हा रस्त्यावर पट्टे मारायचा रंग असतो आणि तो काढायचा नाद घरी करू नये.

क्ले बारचं, म्हणजे रंगावर फिरवून चिकटलेली घाण उचलणाऱ्या मातीसारख्या मऊ वडीचं, नावही अशा संदेशांत अधूनमधून घुसतं. क्ले चांगली, पण शेवटी. डांबर असतानाच फिरवली तर ती डांबर रंगभर सारवते आणि स्वतःही वाया जाते. डांबर काढून, धुऊन, भरपूर शाम्पूच्या पाण्यावर क्ले हलकेच सरकवली तर उरलेला खडबडीतपणा निघतो. खाली पडलेली क्ले टाकून द्यायची, कितीही महाग असली तरी.

‘गरम पाण्याचा प्रेशर मारा’

पाण्यात डांबर विरघळत नाही, गरम पाण्यात ते फक्त मऊ होऊन पसरतं. प्रेशरचं काम सुरुवातीला चिखल काढण्याचं आणि शेवटी रसायन धुण्याचं. नोझल फूटभर तरी लांब ठेवा. चाकांमागे खडी लागून रंगाचा टवका उडालेला असतो, जवळून मारलेल्या पाण्यानं त्याची कड उचलली जाते.

‘सिरॅमिक कोटिंग केलं की डांबर चिकटतच नाही’

चिकटतं. कोटिंग म्हणजे रंगावर चढवलेला पारदर्शक, कडक थर, आणि तो एक-दोन मायक्रॉनचा असतो. त्यावरून पाणी मोती होऊन घरंगळतं, पण गरम, चिकट डांबर म्हणजे पाणी नव्हे. फायदा एवढाच की ठिपक्याची पकड कमी बसते आणि द्रावक लावल्यावर तो लवकर सुटतो. जाहिरातीतला ‘९एच’ हा पेन्सिलीनं ओरखडून पाहण्याच्या चाचणीतला आकडा आहे, त्याचा डांबराशी काही संबंध नाही. कोटिंग वाईट नाही. डांबरासाठी म्हणून वीस-तीस हजार घालवणं मात्र आम्हाला पटत नाही.

त्यापेक्षा स्वस्त बंदोबस्त बरेच आहेत. चारही चाकांना मडफ्लॅप लावा. ताज्या डांबरावर ताशी २०-३० किमीच्या वर जाऊ नका आणि पुढच्या ट्रकपासून लांब राहा. दारांच्या खालच्या तिसऱ्या हिश्शावर मेण किंवा सीलंट (मेणाऐवजी लावायचा कृत्रिम संरक्षक लेप) ठेवा. आपल्या उन्हात कार्नोबा मेण महिना-दोन महिने टिकतं, चांगलं सीलंट चार-सहा महिने. हे विसरू नका की टार रिमूव्हर डांबराबरोबर मेणही नेतो. म्हणून डांबर काढल्यावर तो भाग उघडा सोडायचा नाही. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि पाणी निम्मं-निम्मं घेऊन पुसून घ्या, म्हणजे उरलासुरला तेलकटपणा जातो. मग स्पंजवर रुपयाएवढं मेण घेऊन एका दाराला अगदी पातळ लावा. जाड लावलं म्हणून जास्त टिकत नाही, फक्त पुसायला त्रास होतो.

नवी गाडी घेऊन कामं चाललेल्या रस्त्यानं रोज जायचं असेल तर खरा उपयोग होतो पीपीएफचा, म्हणजे पारदर्शक पॉलियुरेथेन फिल्मचा. ती १५०-२०० मायक्रॉन जाड असते आणि फक्त खालच्या पट्ट्यापुरती लावली तर खर्च आटोक्यात राहतो. तिच्यावरचं डांबर काढताना द्रावक थेट फवारू नका. कापडावर घ्या, अर्ध्या मिनिटात पुसा आणि कडेपासून बोटभर अंतर ठेवा, कारण कडेतून आत शिरलेलं द्रावक खालचा गोंद सोडवतं आणि तिथून फिल्म उचलायला लागते.