पाठ भाड्याने देणे आहे

वारीत फुकटचा रेनकोट घेणे सोपे असते. तो घालून पुढे चालणे अवघड. पुणे ते सासवड हा माउलींच्या पालखीचा सर्वांत लांबचा टप्पा. त्यात वडकीला, दिवे घाट चढायच्या तोंडावर, पावसाने आम्हांला गाठले आणि पावसाशी आधीच बोलणे झाल्यासारखा एका केशतेल कंपनीचा टेम्पो रस्त्याच्या कडेला उभा दिसला. "या माउली, सेवा आहे," असे म्हणत एका तरुणाने माझ्या हातात पारदर्शक प्लॅस्टिकचा रेनकोट ठेवला. तो घालून, आभार मानून मी निघालो, तेव्हा त्याने मला थांबवले. "एक फोटो, माउली. तोंड नको, पाठ करा."

पाठ करून उभा राहिल्यावर मागे जी खसखस पिकली, तिचा उलगडा मला नंतर झाला. माझ्या पाठीवर ठळक लाल अक्षरांत 'केस गळतात?' असा प्रश्न छापलेला होता आणि त्याच्या वीतभर वर, पावसाने धुऊन चकचकीत झालेले, त्याचे उत्तर होते. छायाचित्रकाराने टोपी चढवण्याची विनंती केली. (रेनकोटची टोपीही पारदर्शकच होती, माझा इलाज नव्हता.) अखेर कंपनीच्या दृष्टीने अधिक आशादायक डोक्याचा एक वारकरी शोधण्यात आला. रेनकोट मात्र माझ्याच अंगावर राहिला, आणि घाट संपेपर्यंत मागच्या दिंडीतील मंडळी दोन अभंगांच्या मधल्या वेळात माझी पाठ वाचत राहिली.

मला निदान वाचता तरी येते. शेजारी परभणीकडची एक म्हातारी चालत होती. डोक्यावर तुळस, अंगात तोच रेनकोट. "पाठीवर काय लिवलंय रं बाबा?" तिने विचारले. तेलाचे नाव असल्याचे सांगितल्यावर ती म्हणाली, "मला वाटलं, इठ्ठलाचं असंल." टेम्पोवाल्यांनी तिला कोरडे ठेवले हे खरे, पण तिला न विचारता तिच्या पाठीचा फलक केला हेही तितकेच खरे, आणि पहिल्या गोष्टीने दुसरी माफ होते असे मला वाटत नाही.

दात्याने नाव लावूच नये, इतका सोवळा मी नाही. कार्ल्याच्या चैत्यगृहातील खांबांवर सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या दात्यांची नावे ब्राह्मी लिपीत कोरलेली आहेत आणि त्यांत धेनुकाकट नावाच्या गावाहून आलेले यवनही (तेव्हाच्या भाषेत ग्रीक) आहेत. गावच्या देवळातला पंखा तर तिन्ही पात्यांवर देणगीदाराचे नाव घेऊन फिरतो. पण त्या यवनांनी खांब दिला आणि नाव खांबावरच कोरले. दर्शनाला येणाऱ्या भिक्षूंच्या चीवरांवर नव्हे. २०१३ च्या प्रयागच्या कुंभमेळ्यात भोजनालयांतील सुमारे २५ लाख रोट्यांवर 'लाइफबॉय से हाथ धोए क्या?' असा ठसा उमटवण्यात आला होता. ती उघडउघड जाहिरात होती. मात्र जेवायला बसलेल्याला ती हात धुण्याची आठवण करून देत होती आणि त्याच्याच पोटात जाऊन संपत होती. त्याला ती पाठीवर घेऊन संगमापर्यंत जावे लागत नव्हते.

कायदाही याबाबत माझ्या बाजूचा निघाला. कंपनी कायदा, २०१३ मधील कलम १३५ नुसार मोठ्या कंपन्यांनी मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या किमान २ टक्के रक्कम सामाजिक कामांवर खर्च करायची असते. पण आपल्या मालाच्या विक्रीला लाभ व्हावा म्हणून प्रायोजक या नात्याने केलेला खर्च त्यात धरता येणार नाही, असे जानेवारी २०२१ मधील सुधारित नियम सांगतात. म्हणजे माझा रेनकोट दानाच्या खात्यात बसत नाही. तो जाहिरातीच्या खात्यातला. जाहिरातीच्या खात्यातला असेल, तर मी दान घेणारा याचक नसून घाट चढणारा फलक ठरतो, आणि फलकाला भाडे असते.

सासवडच्या मुक्कामी तोच टेम्पो, तोच तरुण पुन्हा भेटला, तेव्हा मी हा सगळा युक्तिवाद कलमासकट त्याच्यासमोर मांडला आणि वडकी ते सासवड एवढ्या अंतराचे भाडे मागितले. त्याने शांतपणे ऐकून घेतले. पैशांचा विषय निघताच मी 'माउली'चा 'काका' झालो होतो. "काका, मी एजन्सीचा माणूस आहे," तो म्हणाला. "मलाच मागच्या महिन्याचे अजून मिळालेले नाहीत." त्याच्याही टी-शर्टवर तोच प्रश्न छापलेला होता. मग इकडेतिकडे पाहून त्याने हळूच विचारले, "अजून एक रेनकोट देऊ का?"

मी घेतला. पुढचा टप्पा जेजुरीचा होता आणि आभाळ भरून आले होते. या वेळी मात्र तो उलटा करून घातला. प्लॅस्टिक पारदर्शक असल्यामुळे अक्षरे उलटी उमटली एवढेच, आणि मागच्या दिंडीतल्या एका पोराचा उलटे वाचण्याचा हात जेजुरी येईपर्यंत चांगलाच बसला.