ॲप हवंच कशाला?
एमव्हीपी (मिनिमम व्हायेबल प्रॉडक्ट) म्हणजे नवी कल्पना चालेल का, हे तपासायला बनवलेलं तिचं किमान रूप. त्यावरच्या एका लेखातलं ‘एमव्हीपी म्हणजे मोजक्या फीचर्सचं ॲप’ हे वाक्य खटकलं. १९९९ मध्ये झॅपोस या ऑनलाइन बूटविक्री कंपनीच्या निक स्विनमर्ननं दुकानांतल्या बुटांचे फोटो काढून साइटवर टाकले. ऑर्डर आली की दुकानातून पूर्ण किमतीला जोड घ्यायचा आणि पाठवून द्यायचा. गोदाम नाही, माल नाही, वर खिशाला खार. पण लोक पायात घालून न बघता बूट घेतात का, हे तर कळलं!

‘साइन-अप मोजा’, म्हणजे किती जणांनी नाव नोंदवलं ते बघा, हा त्याच लेखातला सल्लाही अर्धवटच. नुसता ईमेल द्यायला कुणाचं काय जातं? आमच्या बुकिंग सेवेला ‘मस्त, नक्की वापरू’ म्हणणारे ढीगभर होते. आगाऊ पैसे भरायचं बटण टाकलं आणि बहुतेक गायब. उरलेल्यांच्या तक्रारी तेवढ्या आम्ही मनावर घेतल्या.