एमबीपीएस नंतर विचारा, आधी घरात कोणती वायर येणार ते विचारा

नवीन नेट घेताना सगळे विचारतात, "किती एमबीपीएस आणि महिन्याला किती?" माझं ठाम मत आहे की आधी विचारायचं ते वेगळंच: खांबापासून माझ्या घरातल्या डब्यापर्यंत (मोडेम-राउटरपर्यंत) काय येणार, काचेची फायबर की तांब्याची लॅन वायर?

आपल्याकडे दोन्ही ‘फायबर’ म्हणूनच विकलं जातं. पुष्कळ सोसायट्यांत फायबर फक्त गच्चीतल्या किंवा जिन्यातल्या पेटीपर्यंत येते. तिथे एक स्विच (नेट अनेक वायरींत वाटणारा, विजेवर चालणारा डबा) असतो आणि तिथून प्रत्येक फ्लॅटला लॅन वायर जाते. ओळखणं सोपं आहे. टोकाला हिरवा किंवा निळा छोटा चौकोनी प्लग असेल तर फायबर. फोनच्या पिनेसारखा पण मोठा, आत आठ तारा दिसणारा पारदर्शक प्लग असेल तर लॅन.

फरक कळतो तो वीज गेल्यावर. फायबरच्या वाटेत असतो तो स्प्लिटर, म्हणजे एका फायबरचा प्रकाश अनेक घरांत वाटणारा तुकडा, आणि त्याला वीज लागतच नाही. ऑपरेटरच्या ऑफिसात बॅकअप असेल, तर घरातल्या डब्याला छोटा डीसी यूपीएस (बॅटरीचा बॅकअप) लावला की लोडशेडिंगमध्येही नेट चालू राहतं (घेण्याआधी अ‍ॅडॉप्टरवरचा आकडा वाचा, १२ व्होल्ट १ अँपियर की २; व्होल्ट जुळलेच पाहिजेत, अँपियर तेवढे किंवा जास्त हवेत). लॅनवाल्याने घरी कितीही यूपीएस लावले तरी गच्चीतला स्विच बंद पडला की सगळं बंद. पावसाळ्यात आणखी एक त्रास: जवळपास वीज कडाडली की तांब्यातून झटका येतो आणि राउटरचा पोर्ट जळतो. काचेतून वीज वाहत नाही.

लॅनला अंतराचीही मर्यादा आहे, १०० मीटर. त्यात स्वस्त वायर तांब्याची नसतेच, ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा असतो. काही ठिकाणी आठपैकी चारच तारा जोडतात. प्लॅन २०० चा असून स्पीड टेस्ट कायम ९४-९५ वर अडकत असेल तर प्लॅनवर चिडू नका. वाटेत कुठेतरी चारच तारा जोडल्या आहेत किंवा एखादा पोर्ट १०० चा आहे. टेस्ट मात्र लॅपटॉप वायरने जोडूनच करा. वायफायवर केलेल्या टेस्टवरून ऑपरेटरशी भांडता येत नाही.

फायबर म्हणजे निर्धोक असं नाही. सर्वसाधारण जीपॉन जोडणीत (स्प्लिटरने एक फायबर अनेक घरांत वाटायची पद्धत) सुमारे २.५ गीगाबिट एका फांदीवरच्या ३२ किंवा ६४ घरांत वाटलं जातं. डब्यापर्यंत पोचणारा प्रकाश डीबीएममध्ये मोजतात. उणे २० च्या आसपास उत्तम, उणे २७ च्या खाली गेला की लाइन तुटायला लागते. ३२ घरांचा स्प्लिटर एकटाच सुमारे १७ डीबी खातो. त्यात कपाटामागे करकचून वाकवलेली वायर, धुळकट प्लग किंवा हिरव्या सॉकेटमध्ये घुसवलेला निळा प्लग असला की उरलेलं गणित बिघडतं. लाल एलओएस (लॉस ऑफ सिग्नल) दिवा लागला तर प्रकाश पोचत नाही, डबा रीस्टार्ट करून काही होणार नाही. बसवायला आलेल्या माणसाला पॉवर मीटरचा आकडा विचारा आणि लिहून ठेवा. सहा महिन्यांनी तक्रार करताना तोच आकडा उपयोगी पडतो.

गच्चीवर डबा लावून मिळणारं फाइव्ह-जी नेट, म्हणजे २०२३ पासून आलेलं एअरफायबर, जिथे खांबावरून फायबर येत नाही तिथे खरंच चांगलं आहे. भाड्याच्या घरालाही सोयीचं. पण ते मोबाइलच्याच टॉवरवर चालतं, त्यामुळे संध्याकाळी गर्दीच्या वेळी पिंग (उत्तर यायला लागणारा वेळ) वरखाली होतो. मोबाइल सिग्नल (आरएसआरपी, हाही डीबीएममध्ये, पण मोजपट्टी फायबरपेक्षा वेगळी) उणे ९० च्या आत असेल तर बिनधास्त घ्या, उणे ११० च्या पुढे असेल तर जागा बदलून बघा किंवा सोडून द्या. समोर नवी इमारत उठली की हाच आकडा बदलू शकतो.

टेलिफोनच्या तारेवरचं जुनं एडीएसएल अजून कुठे असेल तर २४ एमबीपीएस ही त्याची कागदावरची कमाल, आणि एक्स्चेंजपासून जितकं लांब तितकं कमी. फायबर मिळत असेल तर बदला.

पैसे भरण्याआधी एवढं विचारा: दरात १८ टक्के जीएसटी धरला आहे का, किती जीबीनंतर स्पीड कापणार, अपलोड किती, आणि घराला स्वतंत्र पब्लिक आयपी (इंटरनेटवरचा स्वतःचा पत्ता) मिळेल का. राउटरमधला वॅन आयपी (ऑपरेटरकडून मिळालेला पत्ता) १०० ने सुरू होऊन पुढचा आकडा ६४ ते १२७ मध्ये असेल, तर तुमचा बाहेरचा पब्लिक आयपी अनेक घरांत वाटलेला असतो आणि पोर्ट फॉरवर्डिंगवर (बाहेरून थेट घरातल्या यंत्रापर्यंत वाट उघडणं) चालणारा सीसीटीव्ही बाहेरून दिसणार नाही. त्यासाठी स्टॅटिक (न बदलणारा) पब्लिक आयपी वेगळा मागावा लागतो.

तुमच्या घरात येणाऱ्या वायरच्या टोकाचा फोटो कॉमेंटमध्ये टाका, काय आहे ते सांगतो.