आईचा टेबल फॅन आणि माझा तापलेला पीसी

उन्हाळ्यात दुपारी दोननंतर माझा पीसी असा घोंघावतो की बाजूच्या खोलीत फोनवर बोलता येत नाही. मग सल्ले सुरू, पॅनल काढ, फॅन लाव, एकाने तर बर्फाची पिशवी आत ठेवायला सांगितली!! बर्फ सोडून बाकी सगळे उद्योग करून झालेत.

साइड पॅनल काढून आईचा टेबल फॅन समोर लावला, लोक हसतात पण फरक पडतो बरं का. नुसतं पॅनल काढून मात्र फायदा होईलच असं नाही, कारण कॅबिनेटमधे पुढून हवा आत, मागून बाहेर असा रस्ता असतो तो मोडतो. आणि पंखा कितीही मोठा लावा, प्रोसेसर खोलीपेक्षा गार होत नसतो. खोली २८ ची ३८ डिग्री झाली की तोही साधारण १० ने वर चढतो, म्हणजे हिवाळ्यात गेम खेळताना ८० असेल तर आता ९०, आणि ९५-१०० च्या आसपास गेलं की बरेच प्रोसेसर जीव वाचवायला स्वतःच स्पीड पाडतात. गेम अडकतो आणि आपण शिव्या घालतो नेटला.

बर्फाचं म्हणाल तर गार ग्लासला बाहेरून पाणी सुटतं ना, तेच मदरबोर्डवर सुटेल. कूलरचा दमट झोत थेट कॅबिनेटवर सोडायचा पण नाद नको.

माझं स्पष्ट मत, हे सगळं करण्याआधी धूळ काढा. मी दोन वर्षांनी उघडला तर हीटसिंकच्या (प्रोसेसरची उष्णता शोषून हवेत सोडणारा धातूचा ठोकळा) पात्यांमधे धुळीची अक्षरशः गोधडी, हवा जाणार कुठून? प्लग काढून मऊ ब्रश आणि ब्लोअर मारला, मारताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा, नाहीतर ते भन्नाट फिरून बेअरिंग जातं. पॉवर सप्लाय उघडू नका, प्लग काढल्यावरही आत करंट साठलेला असतो. थर्मल पेस्ट, म्हणजे प्रोसेसर आणि हीटसिंकच्या मधे उष्णता पोचवायला लावतात तो लेप, वाळून पापडी झाली होती, तीही बदलली.

अजून एक फुकटचा उपाय, विंडोजच्या पॉवर ऑप्शन्समधे मॅक्झिमम प्रोसेसर स्टेट १०० चं ९९ करा, बऱ्याच मशीनवर टर्बो, म्हणजे प्रोसेसरने गरजेला घेतलेला जादा स्पीड, बंद होतो आणि पीसी एकदम शांत. स्पीड थोडा जातो, पण ब्राउझर आणि एक्सेलला काय फरक पडतोय. गेमला फ्रेम्स (सेकंदाला दिसणारी चित्रं) ६० वर लॉक केल्या की ग्राफिक कार्ड पण कमी तापतं.

लॅपटॉपवाल्यांनो, गादीवरून उचला आधी तो, खालची जाळी बंद होते. मागच्या बाजूला बाटलीची दोन बुचं ठेवली तरी हवा खेळते.

माझा आता भर दुपारी ८० च्या आतबाहेर असतो, पॅनल लावून. टेबल फॅन आईला परत दिलाय, तिने तीनदा मागितला होता.